सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून सिंगापूरला येणाऱ्या बहुतेक ग्रुप टूरमध्ये दोन्ही वेळचं जेवण भारतीय हॉटेलात ठरलेलं असतं. पोट भरतं, कुणाची गैरसोय होत नाही. पण हे शहर रोज जिथे जेवतं ती जागा न बघताच माणसं परत जातात. सहलीतलं निदान एक जेवण हॉकर सेंटरमध्ये घ्यावं, आणि ते शाकाहारी माणसालाही नीट जमतं, हे सांगण्यासाठी ही प्रश्नोत्तरं लिहिली आहेत.

हॉकर सेंटर म्हणजे नेमकं काय?

छप्पर असलेला, चारी बाजूंनी उघडा असा मोठा मंडप. आत ओळीने छोटे गाळे आणि मध्ये सगळ्यांसाठी टेबलं-खुर्च्या. प्रत्येक गाळा वेगळ्या मालकाचा असतो. वीस गाळ्यांचं सेंटरही असतं आणि दोनशेहून अधिक गाळ्यांचंही. एसी नसतो, वर पंखे फिरत असतात. शहरभर अशी शंभराहून अधिक सेंटर आहेत आणि बरीचशी सरकारी वसाहतींच्या अगदी पायथ्याशी आहेत.

मॉलमधल्या फूड कोर्टपेक्षा हे वेगळं आहे. तिथे जागा एका कंपनीची असते, एसी असतो आणि पैसेही जास्त पडतात. हॉकर सेंटरची जागा सरकारची असते, आणि परवानाधारकाने गाळा स्वतः चालवावा, परस्पर दुसऱ्याला भाड्याने देऊ नये, असा नियम आहे. त्यामुळे कढईसमोर उभा असलेला माणूस बहुधा मालक असतो, किंवा मालकाच्या घरातला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक गाळा एकच पदार्थ करतो, फार तर दोन-तीन. कुणी तीस वर्षं फक्त कोंबडी-भात विकतो, तर कुणी फक्त मुळ्याचा केक (मुळा आणि तांदळाच्या पिठाची तिखट-मिठाची वडी) परततो. ही गोष्ट लक्षात ठेवली की काय मागवावं हा प्रश्न निम्मा सुटतो. ज्याची पाटी, तेच मागा. कोंबडी-भाताच्या गाळ्यावर नूडल्स मागून मग नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हे सगळं सुरू कसं झालं?

एकोणिसाव्या शतकापासून चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरून, मलाय बेटांतून, तमिळनाडू-केरळातून माणसं इथे पोट भरायला आली. खांद्यावर कावड किंवा हातगाडी घेऊन ती रस्त्यावर अन्न विकत. भांडवल थोडं लागे आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्यासारखाच मजूर. पण नळ नव्हता, गटार नव्हतं. खरकटं आणि भांडी धुतलेलं पाणी नाल्यांतून सिंगापूर नदीत जाई.

स्वातंत्र्यानंतर सरकारने १९६८-६९ मध्ये देशभरातल्या फेरीवाल्यांची नोंदणी केली. सुमारे १८,००० जणांना तात्पुरते परवाने मिळाले. १९७१ पासून नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली सेंटर बांधायला सुरुवात झाली आणि १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते टप्प्याटप्प्याने आत आणले गेले. सिंगापूर नदीची सफाई मोहीम १९७७ ते १९८७ अशी चालली. त्या कामाचाही हा एक भाग होता.

हे स्थलांतर सगळ्यांनी आनंदाने स्वीकारलं असं नाही. वर्षानुवर्षांचा कोपरा आणि तिथलं गिऱ्हाईक सोडणं कुणालाही जड जातं. तरी फेरीवाल्याला नुसतं हटवलं नाही, त्याला गाळा दिला. म्हणून ती चव आणि तो धंदा दोन्ही टिकले. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. या यादीतली सिंगापूरची ती पहिलीच नोंद.

पहिल्यांदाच जात असू तर कुठलं सेंटर निवडावं?

तुम्ही काय खाता आणि कुठे उतरला आहात यावर ते ठरवा.

शाकाहारी असाल, सोबत घरातली वडीलधारी माणसं असतील, तर टेक्का सेंटर. लिटल इंडिया मेट्रो स्टेशनला लागूनच आहे. तळमजल्यावर एका बाजूला भाजी, मासळी आणि मटणाचा बाजार आणि दुसऱ्या बाजूला शिजवलेल्या अन्नाचे गाळे. वर साड्या आणि कपड्यांची दुकानं. डोसा, अप्पम, बिर्याणी, पराठा हे सगळं डोळ्यांसमोर होतं. बाजाराच्या बाजूलाही चक्कर मारा. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळफूल बघून बरं वाटतं. रविवारी मात्र दक्षिण भारतातले आणि बांगलादेशातले हजारो कामगार सुट्टीला या भागात येतात. त्या दिवशी संध्याकाळी गर्दीची तयारी ठेवूनच जा.

चायनाटाऊनमध्ये फिरत असाल तर मॅक्सवेल फूड सेंटर. साधारण शंभर गाळे आहेत, म्हणजे गोंधळ उडावा इतकं मोठं नाही आणि सगळे प्रसिद्ध पदार्थ एका छताखाली मिळतात. जवळच चायनाटाऊन कॉम्प्लेक्स आहे, देशातलं सगळ्यात मोठं हॉकर सेंटर. तिथे मी नवख्या माणसाला एकदम पाठवणार नाही. गल्ल्याच इतक्या आहेत की भूक लागलेली असताना वैताग येतो. दुसऱ्या खेपेला जरूर जा.

लाऊ पा सात बघायला फार सुंदर आहे. १८९४ मध्ये उभारलेला अष्टकोनी, ओतीव लोखंडाचा मंडप, गगनचुंबी इमारतींच्या मधोमध. १९७३ पासून तो राष्ट्रीय स्मारक आहे. संध्याकाळी शेजारचा बून टाट रस्ता वाहनांना बंद होतो आणि तिथे निखाऱ्यांवर साते, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे, भाजायला लागतात. पण ही जागा खासगी कंपनी चालवते आणि भाव इतर सेंटरपेक्षा चढे असतात. वातावरणासाठी जा, स्वस्ताईसाठी नको.

समुद्राजवळ बसून मासे खायचे असतील तर ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज, आणि तेही संध्याकाळी. मेट्रोपासून थोडं आडबाजूला आहे, बस किंवा टॅक्सी करावी लागते. कोकणातल्या माणसाने हा खटाटोप जरूर करावा.

आम्ही शाकाहारी आहोत. खरंच काही मिळेल का?

मिळेल, पण डोळे उघडे ठेवून मागवावं लागेल. इथे फसगत मांसाच्या तुकड्यांमुळे कमी होते, न दिसणाऱ्या गोष्टींमुळे जास्त होते.

कोंबडी-भातातला नुसता भात द्या, असं अनेक जण सांगतात. तो भात कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो. परतलेल्या नूडल्समध्ये भाज्याच दिसल्या तरी ऑयस्टर सॉस (कालवांचा) किंवा डुकराची चरबी असू शकते. लाक्सा हा नारळाच्या दुधातला नूडल्सचा रस्सा, त्याच्या वाटणात सुकी कोळंबी असते. सांबाल या मिरचीच्या चटणीत बहुधा कोळंबीचा आंबवलेला गोळा घालतात, त्याला बलाचान म्हणतात. फळं-काकडीचा चिनी रोजाक बघायला निरागस दिसतो, पण त्याचा काळा सॉसही कोळंबीचाच. टोस्टवर लावायचा काया म्हणजे नारळ, साखर आणि अंडं. भारतीय गाळ्यावरसुद्धा वडा मागताना विचारा, कारण इथे वरती अख्खी कोळंबी खोचलेला वडा फार लोकप्रिय आहे.

रोटी प्राटा (आपण ज्याला मलबारी पराठा म्हणू त्याचाच सिंगापुरी भाऊ) साधा मागवला तरी सोबतची आमटी बऱ्याचदा माशाची किंवा मटणाची असते. ‘दाल करी’ हवी असं आधीच सांगा. पिठात अंडं घालतात का हेही विचारा, गाळ्यागणिक पद्धत वेगळी असते.

आता काय खावं ते. टेक्कामध्ये शाकाहारी गाळे आहेत. डोसा (इथल्या पाट्यांवर तोसाई), इडली, उत्तपा मिळतो. पुटू मायम मिळाला तर सोडू नका. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर खवलेलं ओलं खोबरं आणि गूळ किंवा साखर. कोकणात शिरवाळे खाल्लेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गोड खाण्यात चेंडोल आहे: नारळाचं दूध, ताडगूळ, पांदानच्या पानांनी हिरवी झालेली जाडसर शेव आणि वर किसलेला बर्फ. पिसांग गोरेंग म्हणजे केळ्याची भजी. सोयाच्या दुधाचं मऊ दह्यासारखं लागलेलं, गरम किंवा गार ताऊ हुए, आणि लिंबू पिळून उसाचा रस.

आणि बहुतेक मोठ्या सेंटरमध्ये एखादा तरी चिनी शाकाहारी गाळा असतो. पाटीवर इंग्रजीत व्हेजिटेरियन लिहिलेलं असतं आणि जोडीला 素 हे चिनी अक्षर. ते एकदा नजरेत बसलं की लांबूनही ओळखता येतं. भात किंवा शेवयांवर आपण बोटाने दाखवू त्या तीन-चार भाज्या वाढून देतात. तिथे कोंबडी किंवा बदकासारखं काही दिसलं तर दचकू नका. सोया आणि गव्हाच्या प्रथिनांपासून केलेली ती नक्कल असते. नुसतं बघूनही ज्यांना नको वाटतं त्यांनी टोफू, वांगं, भेंडी, कोबी असं निवडावं.

कांदा-लसूण खात नसलेल्यांचं काय?

त्यांच्यासाठी हाच चिनी शाकाहारी गाळा सगळ्यात सोयीचा. बौद्ध परंपरेतल्या शाकाहारात कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या पाती वर्ज्य असतात आणि बरेच गाळे ते पाळतात. काही ठिकाणी अंडं वापरतात, तेवढं विचारून घ्या. बटाटा, गाजर, मुळा अशी कंदमुळं मात्र सर्रास असतात, म्हणून काटेकोर जैन आहार पाळणाऱ्यांनी पानं, शेंगा, टोफू निवडून घ्यावं. पर्युषण किंवा चातुर्मासात येत असाल तर इथे फळं आणि नारळपाण्यावर भर ठेवा, जेवण दुसरीकडे करा.

मांसाहार करतो, पण गोमांस किंवा डुकराचं मांस चालत नाही. कसं ओळखायचं?

डुकराचं मांस चिनी गाळ्यांवर असतं, आणि केवळ मुख्य पदार्थात नसतं. खिमा, सॉसेजच्या चकत्या, तळलेल्या चरबीचे कुरकुरीत कण अशा रूपांत ते नूडल्समध्ये येतं. हिरव्या रंगाचं हलाल प्रमाणपत्र लावलेल्या गाळ्यावर डुक्कर नसणार हे नक्की. पण तिथे गोमांस असू शकतं. मलाय गाळ्यावरचं रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस) बहुधा बीफचं असतं आणि साते कोंबडी, मटण, बीफ अशा तिन्हींचे असतात. तेव्हा हलाल पाटी बघून निश्चिंत झालात तर अर्धाच प्रश्न सुटतो. ‘नो बीफ’, ‘नो पोर्क’ एवढं स्पष्ट सांगितलं की कुणालाही राग येत नाही. अनेक धर्मांची माणसं एका टेबलावर जेवणारा हा देश आहे, त्यांना या प्रश्नांची सवय आहे.

मासे खाणाऱ्यांनी काय खावं?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिला मान पाकटाचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे पाकटाची आमटी किंवा सुकं करतात. इथे पाकटाचा मोठा तुकडा केळीच्या पानावर ठेवून वर सांबालचा जाड थर देऊन भाजतात. पान कडेने करपतं, मासा आत लोण्यासारखा मऊ राहतो, आणि वर एक छोटं आंबट फळ पिळायचं. ते आपल्या लिंबापेक्षा लहान आणि सुवासिक असतं. चार जणांत एक मागवा आणि भात सांगा.

दुसरं, कालवांचं ऑम्लेट. रताळ्याचं पीठ आणि अंडं एकत्र फेटून तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत परततात आणि त्यात कालवं सोडतात. पीठ मधे थोडं चिकट राहतं. काहींना ते आवडत नाही, तेव्हा सांगताना ‘क्रिस्पी’ म्हणा.

लाक्सामध्ये सोड्यांचा वास आणि नारळाचं दूध एकत्र येतं. रत्नागिरीच्या माणसाला पहिल्या घोटातच कळतं की वाटण कोणत्या घराण्याचं आहे. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सोबत सांबाल, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि तळलेले सुके बारीक मासे. हे मासे मांदेलीच्या जातकुळीतले. सकाळच्या न्याहारीला खातात.

माशाच्या डोक्याची आमटीही चाखा. ती भारतातून तशीच इथे आली असं वाटतं, पण ती जन्मली सिंगापुरात. केरळमधून आलेल्या एका खानावळवाल्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ती विकायला सुरुवात केली. माशाचं डोकं चिनी गिऱ्हाइकांना प्रिय होतं आणि मसाला मल्याळी होता.

एक सावधगिरी. खेकडे, मोठी कोळंबी आणि अख्खे मासे वजनावर विकतात. पाटीवर किमतीच्या जागी ‘सीझनल प्राइस’ असं लिहिलेलं असेल तर वजन आणि एकूण रक्कम आधी विचारा, मग होकार द्या. हे विचारण्यात संकोच नको, स्थानिक लोकही विचारतात.

रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसतं. ते कुणी विसरलं का?

नाही, ती जागा धरलेली आहे. कधी टिश्यू, कधी छत्री, कधी ऑफिसचं ओळखपत्र. त्या टेबलावर बसू नका आणि वस्तू बाजूलाही सारू नका. तुम्हीही तसंच करू शकता. आधी जागा धरा, मग जेवण आणायला जा. पासपोर्ट किंवा फोन मात्र ठेवू नका, टिश्यूच पुरे.

गर्दीत मोठ्या टेबलावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसणं इथे रोजचं आहे. खुर्ची रिकामी आहे का एवढं विचारा आणि बसा.

ऑर्डर कशी द्यायची?

थेट गाळ्यासमोर जाऊन. वेटर नसतो. इथे खाणार की पार्सल, तिखट हवं का, लहान की मोठी प्लेट, हे तीन प्रश्न येतील. इंग्रजी बहुतेक ठिकाणी चालतं. वयस्कर विक्रेत्यांशी बोलताना फोटोवर बोट ठेवणं सगळ्यात सोपं. आजूबाजूचे लोक विक्रेत्यांना अंकल आणि आंटी म्हणतात, तुम्हीही म्हणा.

कुटुंब असेल तर प्रत्येकाने वेगळ्या गाळ्यावर रांग लावा, एकेक प्लेट आणा, टेबलावर मध्ये ठेवा आणि वाटून खा. प्रत्येकाने आपली पूर्ण प्लेट मागवली तर दोन पदार्थांतच पोट भरतं आणि बाकीचं राहून जातं.

रांगेबद्दल थोडं. लांब रांगेत स्थानिक ऑफिसची माणसं आणि आज्या असतील तर खुशाल उभे राहा. रांगेत फक्त कॅमेरावाले असतील तर शेजारचा गाळाही बघा.

ट्रे परत ठेवला नाही तर खरंच दंड होतो?

होतो. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपला ट्रे, ताटल्या, वापरलेले टिश्यू उचलून ठरलेल्या रॅकवर ठेवणं बंधनकारक आहे. पहिल्या वेळी लेखी ताकीद, दुसऱ्या वेळी ३०० सिंगापूर डॉलर, त्यापुढे प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. हात थरथरणारी वृद्ध माणसं आणि लहान मुलं यांच्याबाबत अधिकारी समजुतीने घेतात.

पण दंडापेक्षा महत्त्वाचं असं की सफाईचं काम करणारे बहुतेक कर्मचारी साठी-सत्तरीतले असतात. उष्टं टेबल क्षणभर मोकळं राहिलं की साळुंक्या आणि कबुतरं झेपावतात. आपण उचललं तर त्या माणसांची एक खेप वाचते. घरी ताट उचलायची सवय असलेल्याला हे काहीच अवघड नाही.

रॅक दोन असतात, हलाल आणि इतर. डुकराच्या मांसाचा ट्रे हलाल रॅकमध्ये ठेवू नका. हे इथे मनापासून पाळलं जातं आणि पाहुण्यानेही पाळावं.

पैसे कसे द्यायचे? यूपीआय चालतं का?

रोख ठेवा. २, ५ आणि १० डॉलरच्या नोटा आणि थोडी नाणी. गाळ्यांवर क्यूआर कोड दिसतील, पण ते मुख्यतः स्थानिक बँक खात्यांसाठी असतात. भारतीय यूपीआय किंवा परदेशी कार्डाच्या भरवशावर रांगेत उभे राहू नका. सकाळी सकाळी ५० डॉलरची नोट पुढे करणंही बरं नाही.

खर्च किती येतो?

एक सिंगापूर डॉलर म्हणजे साधारण ७० रुपये धरा. कोंबडी-भाताची प्लेट सुमारे ४ ते ६ डॉलर, साधा प्राटा दीड डॉलरच्या आसपास, कॉफीही तेवढ्याचीच. एका माणसाचं पोटभर जेवण आणि पेय १० डॉलरच्या आत सहज बसतं. टिप देण्याची पद्धत नाही, सर्व्हिस चार्ज नाही. पार्सलच्या डब्याचे थोडे सेंट वेगळे घेतात.

चहा-कॉफी कशी मागायची?

पेयांचा गाळा वेगळा असतो. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड, दाट कॉफी येते. ‘कोपी ओ’ म्हणजे दुधाशिवाय, साखर घालून. ‘कोपी सी’ म्हणजे आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वर साखर. साखर नकोच असेल तर शेवटी ‘कोसोंग’ जोडा, कमी हवी असेल तर ‘सिऊ दाय’, बर्फ हवा असेल तर ‘पेंग’. चहासाठी कोपीच्या जागी ‘ते’ म्हणा, बाकी सगळं तसंच.

मधुमेह असलेल्यांनी ‘कोपी ओ कोसोंग’ पाठ करून ठेवावं. कंडेन्स्ड मिल्कची साखर कुणी वेगळी काढून देऊ शकत नाही. आणि सकाळच्या आल्याच्या चहावाचून ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी भारतीय किंवा भारतीय मुस्लिम गाळ्यावर ‘ते हालिया’ मागावा. फेसाळता, आल्याचा, कडक. तेवढ्यावर सकाळ निभावते.

स्वच्छता कशी असते? पोट बिघडणार नाही ना?

प्रत्येक गाळ्यावर सिंगापूर फूड एजन्सीचा परवाना लावलेला असतो आणि तपासण्या होतात. अन्न डोळ्यांसमोर गरम होऊन येतं, नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. बिघडलं तर ते बहुधा तिखट, नारळाचं दूध आणि उकाडा एकाच दिवशी अंगावर घेतल्याने. पाणी फुकट मिळत नाही, बाटली सोबत ठेवा. टिश्यूही स्वतःचे न्या, गाळ्यावर ठेवलेले नसतात.

कुठल्या वेळी जावं?

ऑफिसांच्या भागात दुपारी १२ ते २ टाळा. साडेअकराला गेलात तर निवांत बसता येतं. बरेच गाळे दुपारनंतर माल संपला की बंद होतात, आणि पुष्कळांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते. न्याहारी आठ-नऊच्या सुमारास सगळ्यात छान. साते आणि भाजलेला पाकट हे संध्याकाळनंतरचे पदार्थ आहेत. याशिवाय प्रत्येक सेंटर वर्षातून काही वेळा सफाईसाठी पूर्ण बंद असतं. त्याच्या तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच जाहीर होतात. लांबून जाणार असाल तर बघून घ्या.

आजी-आजोबा आणि लहान मुलांना नेता येईल का?

येईल. सुती कपडे घाला, पंख्याखालचं टेबल निवडा. मुलांसाठी तिखट नसलेलं बरंच असतं: साधा प्राटा साखरेबरोबर, कोंबडी-भात मिरचीच्या चटणीशिवाय, केळ्याची भजी. बहुतेक खुर्च्या जमिनीला पक्क्या केलेल्या असतात, त्यामुळे व्हीलचेअर असेल तर जिथे जागा मोकळी सोडली आहे असं टेबल शोधा. स्वच्छतागृहासाठी १०-२० सेंटची नाणी हाताशी ठेवा.

मिशेलिन तारा मिळालेला गाळा गाठायलाच हवा का?

मिशेलिन ही उत्तम खानावळींना तारे देणारी जगप्रसिद्ध मार्गदर्शिका. २०१६ मध्ये तिची सिंगापूरची पहिली यादी आली तेव्हा दोन हॉकर गाळ्यांना एकेक तारा मिळाला. त्यातला एक चायनाटाऊन कॉम्प्लेक्समधला चान हॉन मेंग यांचा, सोया सॉसमधल्या कोंबडी-भाताचा. तेव्हा ती प्लेट जेमतेम २ डॉलरला मिळायची. साऱ्या जगात त्याची बातमी झाली. २०२१ मध्ये तो तारा गेला.

माझं मत स्पष्ट आहे. ताऱ्यामागे सहलीची अख्खी दुपार घालवू नका. जिथे आहात त्या सेंटरमधला, जो माणूस आपला एकच पदार्थ रोज पहाटे उठून करतो, त्याच्याकडे जा. हॉकरांचं सरासरी वय आता साठीच्या आसपास आहे आणि पुष्कळांची मुलं हा धंदा पुढे चालवणार नाहीत. नवी माणसं यावीत म्हणून सरकार प्रशिक्षण देतं, जुन्याकडून नव्याकडे गाळा सोपवण्याच्या योजना आखतं. तरी काही चवी त्यांच्या हातांबरोबरच संपतील. त्या आत्ता खाऊन घ्याव्यात.

फोटो काढले तर चालतं का?

आपल्या ताटाचे खुशाल काढा. विक्रेत्याचा काढायचा असेल तर आधी विचारा, आणि रांग असताना विचारूच नका. त्याचे हात रिकामे नसतात.

आपल्याकडे असं का होऊ शकत नाही?

हा प्रश्न परतीच्या वाटेवर हमखास निघतो. भारतात पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा कायदा २०१४ पासून आहे. त्यात सर्वेक्षण, प्रमाणपत्र, विक्रीची क्षेत्रं आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती, सगळं लिहिलेलं आहे. अंमलबजावणी रखडते ती जागेपाशी. सिंगापूरने घरं बांधतानाच त्यांच्या खाली बाजार आणि हॉकर सेंटर आखलं. आपल्याकडे शहर आधी बांधून होतं आणि फेरीवाल्याचा विचार मागून येतो. नव्या वसाहती अजूनही उभ्या राहत आहेत, तेव्हा निदान तिथे तरी नकाशावर ही जागा मागता येईल. नगरसेवकाकडे मागण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि आपल्या वडापाव-मिसळवाल्यांचा तो हक्कही आहे.

पार्सल घेऊन हॉटेलवर जाता येईल का?

येईल, गाळ्यावर ‘टेकअवे’ म्हणा. मात्र मेट्रोत आणि स्थानकात खाणं-पिणं मना आहे, दंड ५०० डॉलरपर्यंत आहे, त्यात कॉफीचा घोटही आला. पिशवी नीट बांधून घ्या. ड्युरियन नावाचं काटेरी फळ विकत घेतलंत तर ते मेट्रोत नेता येत नाही आणि बहुतेक हॉटेलंही आत येऊ देत नाहीत. ते तिथेच बसून संपवा.